धागा: अडीच लाखात जुनी छोटी गाडी – खेड्यात टिकणारी, ॲव्हरेज देणारी कोणती घ्यावी?

काळीमाती_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, सात एकर वावर आहे, कापूस-तूर-सोयाबीन. आईला महिन्यातून दोनदा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, जाऊन येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. आतापर्यंत गावातल्या एकाची गाडी भाड्याने करत होतो पण दर वेळी तो मोकळा असेलच असं नाही, मागच्या वेळी ऐन सकाळी सहाला फोन केला की भाऊ मला लग्नाचं भाडं आलं. आईला तयार करून ओसरीत बसवलं होतं. शेवटी एसटीने यवतमाळ, तिथून वर्धा, तिथून ऑटो. परत आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि आईच्या पायाला सूज आलेली. त्या दिवशी ठरवलं की आता गाडी घ्यायचीच.

बजेट अडीच लाख, त्यात नावावर करणं, इन्शुरन्स, सगळं बसलं पाहिजे. महिन्याचं रनिंग ७०० किमी धरा. ऑल्टो के१०, वॅगनआर की स्विफ्ट डिझेल यात अडकलोय. भाचा म्हणतो सीएनजीच घे. ज्यांनी खेड्यात जुनी गाडी वापरली आहे त्यांनी कृपया सांगावं.

संत्रावाला
वॅगनार. डोळे मिटून.

गुरुजी_आर्वी
डोळे मिटून कोणतीच गाडी घेऊ नका, संत्रावाले :)
काळीमाती, आधी आईंना बरं वाटो. माझ्याकडे २०१५ ची ऑल्टो के१० आहे, सेकंडहँड घेतली त्याला पाच वर्षं झाली. मोकळ्या सडकेवर ८० च्या आत चालवली तर २१-२२ देते, एसी लावून गावातून काढली तर १७. पण तुमच्या आईंना पाय सुजण्याचा त्रास असेल तर ऑल्टो नको. ती बुटकी आहे, बसताना माणूस खाली जातो आणि उतरताना गुडघ्यावर जोर येतो. माझी सासू उतरताना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरते. वॅगनआरची सीट उंच आहे, म्हातारं माणूस खुर्चीत बसल्यासारखं बसतं. माझ्या मते ॲव्हरेजच्या आधी हे पाहा.

डिझेलप्रेमी_अकोट
स्विफ्ट डिझेल घ्या राजेहो. १२४८ सीसीचं इंजिन, टाइमिंग चेन म्हणजे बेल्ट बदलायची भानगड नाही, ॲव्हरेज २० च्या खाली येत नाही. माझी दोन लाख किमी झाली.

वऱ्हाडी_मिस्त्री
अकोटवाले भाऊ तुमची गाडी चांगली हाय, मी नाई म्हनत नाई. पन तुमचं रनिंग किती? तुमी रोज चालवत असान. ह्या भाऊचं महिन्याचं ७०० किमी हाय. आता हिशोब करा. पेट्रोल १०५ धरा, गाडी १८ देते, म्हंजे ३९ लिटर, ४१०० रुपये. डिझेल ९२ धरा, २० देते, ३५ लिटर, ३२२० रुपये. महिन्याला नऊशेच्या आत वाचते. वर्षाचे दहा-साडेदहा हजार. आता जुन्या डिझेलचे इंजेक्टर गेले नाई तं टर्बो गेला तं तेवढ्या एका कामात तीन-चार वर्षाची बचत निंगून जाते. आन ते काम माया सारख्या तालुक्याच्या मिस्त्र्याकडं होत नाई, इंजेक्टर-पंपाचं काम करनाऱ्याकडं न्या, टो करून न्या, चार दिवस थांबा. मंग आईले सेवाग्रामले कोन नेईन?

मी २२ वर्षं झाले हे काम करून राहिलो. माया गॅरेजमंदी दोन बाया आल्या होत्या मांगच्या उन्हाळ्यात, त्याइची डिझेल गाडी बंद पडली, संग लहान लेकरू. पार्ट नागपूरहून याचा होता. मी त्याइले माया गाडीनं घरी सोडलं. त्याच्यानं सांगतो, खेड्यात भरवशाची गाडी म्हंजे बंद न पडनारी नोय. बंद सगळ्याच पडतात. ज्या गाडीचा पार्ट तालुक्याच्या दुकानात भेटते आन जिचं काम तिथला कोनताबी मिस्त्री संध्याकाळलोक करून देते, ते भरवशाची गाडी.

काळीमाती_दारव्हा
मिस्त्री भाऊ, हे मी असं कधी मांडूनच पाहिलं नव्हतं. म्हणजे १८ आणि २२ ॲव्हरेजच्या दोन पेट्रोल गाड्यांत पण फरक फार नाही?

वऱ्हाडी_मिस्त्री
७०० किमीले १८ नं ४१००, २२ नं ३३४०. साडेसातशे रुपये. एक क्लचप्लेट खराब निंगाली तं वर्षाचा फरक गेला. म्हून आधी इंजिन पाहा, मंग कागद पाहा, ॲव्हरेज त्याच्या मांगून.

ताई_वणी
मिस्त्री भाऊंनी लाखातलं सांगितलं. मी वणीहून रोज शाळेत जायला २०१२ ची वॅगनआर वापरते, पेट्रोल. २०१० नंतरच्या वॅगनआरमध्ये ९९८ सीसीचं के१० इंजिन आलं, त्याला टाइमिंग चेन आहे. ऑल्टो के१० ला पण तेच. ऑल्टो ८०० मध्ये मात्र बेल्ट आहे, तो मुदतीत बदलावाच लागतो. जुनी गाडी घेताना मालकाला विचारा बेल्ट कधी बदलला, बिल दाखवा. "बदललाय ना ताई" एवढ्यावर मी एकदा फसले आहे, तीन महिन्यांत भर रस्त्यात तुटला.

सीएनजीबद्दल: रोज चालवणाऱ्याला आणि पंप जवळ असणाऱ्याला फायदाच आहे. पण माझ्या बहिणीकडे आहे, तिला गॅस भरायला आड रस्त्याने ३० किमी जावं लागतं, तिथे लाइन. शिवाय डिकीत टाकी असते, दवाखान्यात मुक्काम पडला तर गादी-डबे-कपडे कुठे ठेवणार?

मेळघाटी
बाहेरून किट बसवलेली सीएनजी गाडी असेल तर ते किट आरसीवर चढवलेलं आहे का पाहा. नसेल तर हात लावू नका, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले तेच काढतात. टाकीच्या टेस्टिंगची प्लेट पण बघा, तीन वर्षांनी परत तपासावी लागते.

पूर्णाकाठ
दर्यापूर तालुक्यातून लिहितो. आमच्या भागातली गाडी घेऊ नका असं मीच सांगतो, माझ्याच भागाबद्दल बोलतोय म्हणून राग मानू नये. आमचा खारपाणपट्टा. बोरचं पाणी इतकं खारं की गाडी धुतली आणि वाळली की काचेवर पांढरे डाग राहतात, गाडी धुणाऱ्या पोरांच्या हाताची साल निघते. तेच पाणी पत्र्याच्या जोडात बसतं. आमच्याकडची आठ वर्षांची गाडी जॅकवर चढवून खालून पाहिली तर दाराखालचा पत्रा, सायलेन्सरचे हँगर, ब्रेकचे पाइप गंजून खवले निघालेले. वरून पॉलिश चकाचक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोक रेडिएटरमध्ये तेच पाणी ओततात. कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडा, आत हिरवं किंवा लाल पाणी असेल तर ठीक. चहासारखं तपकिरी असेल तर त्या गाडीनं बोरचं पाणी प्यायलंय, मे महिन्यात ती गरम होणार म्हणजे होणारच.

गुरुजी_आर्वी
पूर्णाकाठ, हे खरोखर उपयोगाचं. आमच्याकडे ४५-४६ डिग्रीत गाडीचा खरा कस लागतो. शक्यतो उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता जाऊन गाडी पाहा, एसी लावून पंधरा मिनिटं उभ्या जागेवर चालू ठेवा. तापमानाचा काटा निम्म्यावर थांबला, रेडिएटरचा पंखा वाजून लागतो-बंद होतो, एसी थंड फेकतो, तर कूलिंग बरोबर आहे. हिवाळ्यात सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

धानपट्टा
आमच्या भंडाऱ्याकडं पुराचा प्रश्न हाय जी. वैनगंगेच्या काठच्या गावची गाडी पुरात बुडाली, धुऊनपुसून विकायला काढली, असं होते. मी घेतली होती अशी एक, म्हणून लिहून रायलो. कशी ओळखाची ते सांगतो. सीटबेल्ट पूर्ण शेवटलोक ओढून काढा. रोज वापरात येते तेवढा पट्टा धुतात, आतला गुंडाळलेला कोनी धुत नाई. तिथं मातीची रेघ दिसते. माया गाडीत अशी बोटभर रेघ होती, घेतल्यावर सहा महिन्यानं दिसली जी. तोवर खिडक्याचे बटन, हेडलाइट, एकेक करून जात होतं आन मी वायरमनलेच दोष देत होतो. सीट ज्या पटरीवर सरकते तिचा गंज पण पाहा, आन स्टेपनीखालचा खड्डा.

संत्रावाला
बापरे. सीटबेल्टचं आजच कळलं. उद्या माझ्याच गाडीचा ओढून पाहतो.

संत्रावाला
ओढला. स्वच्छ आहे. झोप लागेल आता.

शेतमजूर_ते_मालक
काळीमाती भाऊ, सडकेचं सगळे सांगून राहिले, पांदणीचं कोणी बोललं नाही. गाडी घरी आली की वावरात जाणारच, कितीही म्हणा नाही. आपल्याकडच्या पांदणीत बंडीच्या चाकांनी दोन्ही बाजूला चाकोऱ्या पडतात आणि मधात उंचवटा राहतो. गाडीचे चाक चाकोरीत गेले की मधला उंचवटा सरळ इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला लागतो. माझ्या भावाच्या गाडीचा चेंबर तसाच फुटला, त्याला कळलंच नाही, तेल गळत गळत घरी आला, बत्ती लागली होती पण लक्ष नाही दिलं. इंजिन जाम. ऑल्टोचा ग्राउंड क्लिअरन्स १६० मिमी, वॅगनआरचा १६५, रेनोच्या क्विडचा १८०. कागदावर वीसाचा फरक दिसतो पण चार माणसं बसली की सगळ्याच खाली बसतात. एक चाक उंचवट्यावर आणि एक धुऱ्याच्या बाजूनं घेऊन चालवायची सवय करा, चेंबरखाली लोखंडी गार्ड बसवून घ्या. आणि आषाढ-श्रावणात काळ्या मातीत गाडी नेऊच नका, चाक आणि पत्र्याच्या मधात चिकण बसली की चाक फिरतच नाही, सब्बल घेऊन कोरावी लागते.

डिझेलप्रेमी_अकोट
पटलं. माझं रनिंग महिन्याला अडीच हजार किमी आहे, म्हणून मला डिझेल परवडलं. ७०० ला पेट्रोलच बरं. मी माझं मत मागे घेतो.

मेळघाटी
मंचावर कोणी मत मागे घेतलं! तारीख लिहून ठेवा.

रानवारा
विषय थोडा सोडून. दारव्ह्याचं नाव वाचलं आणि शकुंतला रेल्वे आठवली. मूर्तिजापूर-यवतमाळ. माझी आजी दारव्हा मोतीबागला बसायची, तिकडून माहेरी. हळू चालायची पण म्हातारं माणूस पाय पसरून बसायचं. आता रूळ गवतात गेले. ती गाडी नीट ठेवली असती तर आज कितीतरी घरांना आईवडलांच्या दवाखान्यासाठी कर्ज काढून गाडी घ्यावी लागली नसती.

काळीमाती_दारव्हा
रानवारा, मी पण लहानपणी बसलोय त्यात. आई अजून काढते तिचं नाव.

कागदपत्रवाला
मी आरटीओबाहेर फॉर्म भरून देण्याचं काम करतो, यवतमाळ नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. कागदाचं कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, थोडं लांब होईल पण वाचा.

गाडी पाहायला जायच्या आधीच आरसीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाका. मालकी कितवी, पासिंग कधीपर्यंत, इन्शुरन्स आहे का, आणि बोजा आहे का हे तिथेच दिसतं. बोजा म्हणजे बँकेचं नाव आरसीवर. मालक म्हणतो कर्ज फिटलं. फिटलं असेलही, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते नाव काढलं नसेल तर गाडी तुमच्या नावावर होत नाही. गेल्या साली माझ्याकडे एक शेतकरी आला, पूर्ण पैसे देऊन बसला होता, एनओसीची मुदत संपलेली, मूळ मालक पुण्याला गेलेला, फोन उचलत नाही. सहा महिने चकरा मारल्या त्यानं. म्हणून बयाना द्या थोडा, बाकी पैसे फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या झाल्यावरच. दुसऱ्या जिल्ह्याची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी तिकडच्या आरटीओतून लागते. मूळ मालक वारलेला असेल तर आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर, मग तुमच्या. अशा ठिकाणी घाई करू नका, घरात दोन भाऊ असले की दुसरा नंतर उभा राहतो.

"सह्या करून ठेवल्या, नंतर करू नावावर" हे आपल्याकडं लय चालतं. विकणाऱ्यानं तर हे कधीच करू नये. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात फिरली तरी. इन्शुरन्स पण १४ दिवसांत तुमच्या नावावर फिरवा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही, तेवढा प्रीमियम वाढीव धरा.

आणखी एक. पासिंग १५ वर्षांचं. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ ला पुन्हा पासिंग, ती फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५००० झाली, वर ग्रीन टॅक्स. म्हणून दोन वर्षं नवी गाडी वीस हजार महाग मिळाली तरी ती स्वस्तच पडते. आणि १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवलेली आहे का पाहा, नसली तर आरटीओत कामं अडतात.

ताई_वणी
हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवावा असा आहे.

नागपूरकर_एमएच३१
जुन्या गाड्यांच्या शोरूममधून घ्या ना सरळ, वॉरंटी देतात, कटकट नाही.

धानपट्टा
माई बुडालेली गाडी शोरूममधूनच होती जी.

नागपूरकर_एमएच३१
अच्छा. मग माझं म्हणणं एवढंच की कुठूनही घ्या, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी काढा. मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथे कळतं. मी पाहिलेल्या गाडीचं मीटर ४८,००० दाखवत होतं, नोंदीत तीन वर्षांपूर्वीच ७१,००० होते.

वऱ्हाडी_मिस्त्री
नोंदी नसल्या तं पायाखाली पाहा. ४८ हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाई. स्टिअरिंगवर हात ठेवाच्या जागी चामडं चमकते का पाहा. टायरवर चार आकडे असतात, २२१९ म्हंजे २०१९ चा बाविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, मीटर २५ हजार, आन टायर २०२१ चे, तं इचारा पयले टायर एवढ्यात कसे झिजले?

आन मालकाले सांगून ठेवा मी येईपरेंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटले हात लावा. गरम असन तं समजा त्यानं आधीच चालू करून घेतली, थंडीची खोड लपवून राहिला. थंड इंजिन चालू करा, कोनाले मांगं उभं करा. निळा धूर आला तं इंजिन तेल खाते. तेलाच्या झाकनाच्या आतून पांढरी साय दिसली तं पानी तेलात जाते, तिथूनच नमस्कार करून वापस या. दाराचं रबर हातानं ओढा, मांगं पत्र्यावर गोल गोल वेल्डिंगचे ठिपके दिसतात, कंपनीतले एकसारखे असतात. तिथं पुट्टी नाई तं गुळगुळीत रंग लागला तं गाडी ठोकलेली हाय.

समृद्धीवाला
टायरवर आलंच आहे तर, समृद्धीवर जायचं असेल तर जुने टायर बदलल्याशिवाय जाऊ नका. काँक्रीट, ऊन आणि सलग वेग. गोटे (टायरची नक्षी) दिसायला भरपूर असले तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक भेगा दिसतात.

पूर्णाकाठ
ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं कोणी सांगेल का? जुन्या गाडीला चालतं का?

वऱ्हाडी_मिस्त्री
२०२३ च्या एप्रिल आधीच्या बऱ्याच गाड्या त्याच्यासाठी बनवल्या नोयत. ॲव्हरेज थोडं उतरते. मी जुन्या गाडीले पेट्रोलचे रबरी पाइप आन फिल्टर तपासून घ्याले सांगतो, पाइप दाबून पाहा, कडक नाई तं चिकट लागला तं बदला, काई लय पैसे लागत नाई. पावसाळ्यात टाकी महिना महिना खाली ठेवू नका, इथेनॉल पानी ओढते.

काळीमाती_दारव्हा
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी, सोयाबीनची सोंगणी होती.

गाडी घेतली. वॅगनआर, २०१४, पेट्रोल, पहिला मालक, पुसदचे एक निवृत्त कर्मचारी. त्याआधी चार गाड्या पाहिल्या. पहिलीच्या बोनेटला हात लावला तर चटका बसला, मालक म्हणाला आत्ताच भाजी आणायला गेलो होतो. दुसरीच्या दाराचं रबर ओढलं, ठिपके नव्हतेच, पुट्टी होती. तिसरी ठीक होती पण आरसीवर बँकेचं नाव. चौथी मला लय आवडली होती, लाल रंग, पण आईला बसवून पाहिलं आणि गुरुजींचं आठवलं. ऑल्टो होती. आई काही बोलली नाही पण उतरताना माझा खांदा घट्ट धरला तिनं.

पुसदची गाडी दोन लाख पाचला ठरली. कूलंट हिरवं, सीटबेल्ट स्वच्छ, सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली. टायर ०८१८ चे निघाले, ते चारही बदलले, साडेचौदा हजार. चेंबर गार्ड बसवला. नावावर व्हायला टाकली आहे, यवतमाळचीच पासिंग होती त्यामुळे फॉर्म २८ लागला नाही.

काल आईला घेऊन पहिल्यांदा सेवाग्रामला गेलो. सकाळी साडेसहाला निघालो, दुपारी साडेतीनला घरी. टाकी फुल करून निघालो होतो, आल्यावर त्याच पंपावर फुल केली: २४६ किमी, १३.६ लिटर. म्हणजे १८ ला थोडं वर, एसी लावून. येताना कळंबला थांबलो, चिंतामणीचं दर्शन घेतलं, आई म्हणाली आता आपली गाडी आहे तर घाई कशाची.

ताई_वणी
वाचून डोळ्यात पाणी आलं. अभिनंदन दादा.

गुरुजी_आर्वी
आईंना नमस्कार सांगा. एसी लावून १८ म्हणजे उत्तम.

शेतमजूर_ते_मालक
पेढे पाठवा. आणि पांदणीचं लक्षात ठेवा.

वऱ्हाडी_मिस्त्री
लय चांगलं काम केलं भाऊ. आता एकच सांगतो. कापूस घरात येईन, सरकीच्या मांगं उंदीर येतात आन थंडीत ते गरम इंजिनवर जाऊन बसतात. वायरिंग कुरतडलं तं भर पहाटे गाडी चालू होनार नाई. गाडी कापसाच्या खोलीच्या बाजूनं ठेवू नका, रोज सकाळी बोनेट उघडून पाहा, एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाले बारीक जाळी लावून घ्या. नाई जमलं तं इकडं घेऊन या, मी लावून देतो.

काळीमाती_दारव्हा
रविवारी येतो भाऊ. पेढे घेऊन.